‘हंड्यातला आवाज’ ही टेप कोणाच्या हाती द्यावी

मी, सोमा नवशा रोकडे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा व्हिडिओ सेंटर, सध्याचा धंदा घराची राखण, राहणार मौजे टोकावडे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. मुरबाडच्या डॉक्टरांनी तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आज वार कोणता असे विचारले. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचे कॅलेंडर मागच्या महिन्याचे आहे हेही सांगितले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याच्या विचारात कोण कोण आहेत ते पुढे कलमवार येईल.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे एखादे निघाल्यास ते खोटे समजावे आणि ते घेऊन येणाऱ्याचे तोंड नीट बघून ठेवावे.

कलम १. माझे वडील नवशा रोकडे यांनी छप्पन सालापाठोपाठ दीक्षा घेतली. घरातले देव नदीत सोडले आणि त्यांच्यामागोमाग भुतेही गेली, असे ते सांगत. मी व्हिडिओचा धंदा काढला आणि भुताचे सिनेमे आणू लागलो तेव्हा ते म्हणाले, “रे सोमा, एवढ्या मुश्किलीनं घालवली ती परत घरात आनलीस काय?” मी म्हणालो, “आबा, भूत नाय हे ज्याला पक्कं ठाव हाय, त्यालाच भुताचा सिनेमा नीट बघता येतो.”  पुढे सिनेमा लागला की ते दारात खुर्ची टाकून टीव्हीकडे पाठ करून बसत आणि सगळे ऐकत.

माझी पत्नी सकुबाई करोनाच्या आदल्या वर्षी वारली. मुलगा रूपेश रेल्वेत कसाऱ्याला आहे आणि पत्नी पल्लवीसह शहापूरला राहतो. मुलगी संघरत्ना मुरबाडला शिक्षिका आहे. धाकटा भाऊ सतीश शेजारीच राहतो, नको इतका शेजारी. याखेरीज कोणी वारस म्हणून पुढे आल्यास त्याला आधी पाणी द्यावे, मग पुरावा मागावा.

कलम २. इथे दिलेली माझी मिळकत स्वकष्टाची आहे; वडिलोपार्जित शेत कायद्याने जाईल तसे जाईल, ते इथे धरलेले नाही. राहते घर, आणि मुरबाड–माळशेज रस्त्याला लागून असलेली व्हिडिओ सेंटरची खोली. खोलीत एक लोखंडी कपाट, पत्र्याच्या ट्रंका, एक मोठा टीव्ही, एक चालू व्हीसीआर आणि त्याला सुटे भाग पुरवण्यासाठी ठेवलेला दुसरा मेलेला व्हीसीआर. कपाटात आणि ट्रंकांत सगळे भयपट आहेत.

ज्या सिनेमांची पोस्टरे एसटी स्टँडवर लागली, ते माझ्याकडे नाहीत. ते भाड्याने फिरून फिरून झिजले आणि गेले. जे कोणी नेले नाहीत, ते राहिले. न नेण्याचे कारण एवढेच की त्यांत नाव घेण्यासारखा नट नव्हता, गाणे नव्हते, आणि भूत फार उशिरा यायचे. माझ्या मते भूत उशिरा येते तो सिनेमा चांगला. येतच नाही तो त्याहून चांगला. हे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगितले. ते मान डोलवायचे आणि मारामारीची कॅसेट घेऊन जायचे.

धंद्यातल्या दोन गोष्टी इथे नोंदवतो, कारण पुढचे सगळे त्यांवर उभे आहे. एक, टेप पाहून झाली की मागे गुंडाळून परत करावी, अशी पाटी माझ्या दाराला होती. ती कोणी पाळत नसे, आणि त्यात माझा फायदाच होता. टेप जिथे थांबलेली असे तिथवरच त्याने सिनेमा पाहिलेला असे. “लय भारी होता सोमादा, घाबरलो,” असे म्हणणारा माणूस अर्ध्या तासात उठून गेला होता हे मला कॅसेटच्या काचेतून दिसे. अशाने माझा माणसांवरचा विश्वास तरुण वयातच उडाला. दोन, पॉज दाबून ठेवू नये. चित्र थांबते, पण आतले हेड फिरतच राहते आणि एकाच जागी टेप घासत राहते. मी धंदा केला तेवढ्या वर्षांत कधी पॉज दाबला नाही. सकु चहा घेऊन आली तरी नाही.

कलम ३. राहते घर आणि पोस्टातली सर्व रक्कम मुलगी संघरत्ना हिला. तिने माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनाच्या वेळी न मागता स्वतःचे पैसे खर्च केले होते, म्हणून नव्हे. तीच एकटी पासबुक कुठे ठेवले आहे हे आजवर विचारत नाही, म्हणून. अर्थात न विचारणे हीसुद्धा एक रीत असू शकते, हे मी लक्षात ठेवले आहे.

तिला ‘अंगण झाडणारी’ ही टेप द्यावी. मराठी आहे, कृष्णधवल आहे, कोणालाच माहीत नाही. एका घरासमोरचे अंगण रोज सकाळी झाडलेले मिळते. कोण झाडते ते दिसत नाही, खराट्याचा आवाज तेवढा येतो. घरातल्या सुना आधी खूश होतात. मग एके दिवशी उंबऱ्याच्या आतली जमीनही झाडलेली मिळते. मग चूल सारवलेली मिळते. मग पोराचे केस विंचरलेले. संपूर्ण सिनेमात कोणी किंचाळत नाही, आणि मी तो पाहिला त्यानंतर आमच्या दारचे झाडलेले अंगण पाहून सकुला तीनतीनदा विचारले, तूच झाडलेस ना. संघरत्नाला आयते काम झाले की आनंद होतो, म्हणून तिने हा बघावा. या मृत्युपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका मात्र तिने लाल पेनाने काढू नयेत. कायदेशीर कागद आहे.

कलम ४. भाऊ सतीश याला ‘चालता बांध’ ही हिंदी टेप. दुसरे काही नाही.

सतीशला हे कमी वाटेल. त्याने आमच्या दोघांच्या शेतामधला बांध दरवर्षी भात लावताना किती सरकवला हे त्याला माहीत आहे. मी विचारले की तो म्हणायचा, “दादा, पावसानं सरकतो रे तो.” पाऊस नेहमी माझ्याच बाजूला कसा सरकवतो, हे त्याने कधी सांगितले नाही. या सिनेमातला माणूसही असाच बोटबोट बांध सरकवतो. शेत वाढते आणि घर लहान होऊ लागते. आधी दार पुरते उघडत नाही. मग खाट मावत नाही. बायको विचारते, तर तो म्हणतो लाकूड फुगले असेल. शेवटी तो माणूस भिंतीला पाठ लावून उभ्याने झोपतो आणि बाहेर शेत हिरवेगार दिसते. पैसे नसताना केलेला सिनेमा आहे, भिंती हलवणाऱ्या माणसाची बोटे एका ठिकाणी दिसतात. तरी अंगावर काटा येतो. सतीशने तो शेवटपर्यंत पाहावा. अर्ध्यात उठला तर टेप मला नाही तरी माझा धंद्यातला सोबती कमळू याला सांगेल.

कलम ५. सून पल्लवी हिला सकुबाईचा तांब्याचा मोठा हंडा आणि ‘एक पान जादा’ ही टेप.

लग्नाच्या पंगतीत एक माणूस जेवायला बसतो. नवरीकडच्यांना वाटते नवऱ्याकडचा, नवऱ्याकडच्यांना वाटते नवरीकडचा. तो मुक्कामाला राहतो. बारशाला असतो, मयताला खांदा देतो. घरातली एकेक माणसे कमी होत जातात आणि पाने मात्र तेवढीच लागतात. याची टेप मी शहापूरच्या एका विक्रेत्याकडून घेतली. तो आता हयात नाही, म्हणून नाव घेत नाही. सिनेमाच्या ऐन मध्यावर त्याने, की त्याच्या पोराने, सरळगावच्या कुठल्याशा घरची हळद रेकॉर्ड करून ठेवली आहे. गाणी, नाच, नारळ, सगळे आहे. मग पुन्हा सिनेमा सुरू. मी भांडायला गेलो, त्याने दुसरी टेप दिली नाही. पण पल्लवीने तो भाग पुढे पळवू नये. मी तो बऱ्याचदा पाहिला आहे. त्या हळदीतही राखाडी शर्टातला एक माणूस आहे, जो सगळीकडे आहे आणि ज्याच्याशी कोणी बोलत नाही. सरळगावात मी चौकशी केली, तो कोण हे कोणाला सांगता आले नाही.

पल्लवी मला दर वेळी म्हणते, “बाबा, तुमी शापूरला आमच्याकडं या. एक पान जादा काय जड हाय?” ती चांगल्या मनाने म्हणत असावी. सिनेमा पाहिल्यावर मला काय वाटते ते तिला कळेल.

कलम ६. गेल्या उन्हाळ्यात सुरज नावाचा एक मुंबईचा मुलगा माझ्याकडे येऊन गेला. मोबाइलवर त्याचे चॅनेल आहे आणि त्यावर तो लोकांनी विसरलेले भयपट सुचवतो. मी ते पाहिले. त्याने सुचवलेले सगळे लोकांनी पाहिलेले होते, फक्त विसरलेले नव्हते. प्रत्येकात पहिल्या दहा मिनिटांत रक्त. मी त्याला चहा दिला आणि ‘अंगण झाडणारी’चा पहिला भाग लावला. पोराने मोबाइल उलटा ठेवला. निघताना कपाटाचे फोटो काढू लागला, तेव्हा मी मध्ये उभा राहिलो. तो म्हणाला, “अंकल, ‘हंड्यातला आवाज’ की एक ही कॉपी बची है, ऐसा सुना है.” मी म्हणालो, कोणाकडून ऐकले. तो हसला. रूपेश त्या वेळी दारात मोटारसायकल पुसत होता.

सुरजला या कपाटातले काहीही विकू नये. बघायचे असेल तर त्याने टोकावड्याला यावे, चपला बाहेर काढाव्यात, आणि पूर्ण बघावे.

कलम ७. ‘हंड्यातला आवाज’ या टेपविषयी.

रूपेश नुकता चालू लागला होता त्या वर्षी एक सिनेमा कंपनी इथे आली आणि आमच्या डोंगराकडच्या विहिरीवर तिने शूटिंग केले. पैसे त्यांच्याकडे बेताचे होते. गावातल्या नि वाडीतल्या बायकांना रोजाने लावले, त्यांत सकु होती. मी जनरेटरला रॉकेल आणून देण्याच्या कामावर होतो. सिनेमा कुठल्याच टॉकीजला लागला नाही. थोड्या टेपा निघाल्या, त्यांतली एक दिग्दर्शकाने मला दिली.

विहिरीत ढकललेल्या एका बाईची गोष्ट आहे. तिचे भूत कोणाचा गळा धरत नाही. गावातल्या बायका पाणी भरून घरी नेतात, हंडा ओतू लागतात, आणि ओतताना हंड्यातून ती बाई आपल्या पोराला जेवायला हाक मारते. प्रत्येक घरात. बस, एवढेच. एका ठिकाणी बायकांची रांग हंडे घेऊन समोरून येते. सगळ्यांनी माना खाली घालून चालायचे, कॅमेऱ्याकडे बघायचे नाही, अशी ताकीद होती. सगळ्या चालल्या. मध्येच सकुने मान वर केली आणि बघितले. दिग्दर्शक शिव्या देत उठला, पण रीळ संपत आले होते म्हणून ते तसेच ठेवले.

मी हा सिनेमा वाडीवाडीत दाखवला. टीव्ही मी धरायचा आणि व्हीसीआर कमळूने, जीपमध्ये मांडीवर घेऊन. त्या जागी आले की माणसे श्वास धरत. इतक्या खाली घातलेल्या मानांतून एकच बाई वर बघते आणि सरळ आपल्याकडे बघते. सबंध सिनेमातली सगळ्यात भीतीची जागा ती, आणि ती चुकून झालेली. रूपेश लहानपणी पडद्यावरच्या आईला घाबरून शेजारी बसलेल्या आईच्या पदरात तोंड घालायचा. ती त्याला थोपटत हसायची.

ती कोणाकडे बघत होती, हे मी तिला पुष्कळदा विचारले. ती म्हणायची, “तुमाला कशाला पाहिजेत बायकांसारख्या चौकशा?” कॅमेरावाला गोरा होता आणि गॉगल लावायचा. तो तिला ‘ताई’ म्हणायचा, पण ताई म्हणणाऱ्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. हा कल्पनेचा खेळ आहे हे मला कळत होते. तरी ती जागा आली की मी टीव्हीकडे न बघता प्रेक्षकांकडे बघत बसायचो. एवढी वर्षे मनात होते, आता लिहून टाकले.

सकु गेल्यावर मी ही टेप वरच्या ट्रंकेत ठेवली आणि घरात सांगितले की हिला कोणी हात लावायचा नाही. मीही लावली नाही. मला धीर नव्हता.

कलम ८. या टेपला कोणीतरी हात लावला आहे.

बुरशी लागते म्हणून मी टेपा अधूनमधून बाहेर काढून उन्हापासून लांब, वाऱ्याला ठेवतो. ही टेप मी पूर्ण मागे गुंडाळून ठेवली होती. दिवाळीच्या आधी काढली तर मध्येच थांबलेली. मी मागे गुंडाळली. पुन्हा काढली, पुन्हा तिथेच थांबलेली. काचेतून बघावे तर दोन्ही बाजूंची टेप दर वेळी सारखीच. माझा अंदाज असा झाला की कोणीतरी नक्कल करत आहे आणि दर वेळी त्या जागेवर येऊन त्याला कोणाची तरी चाहूल लागते.

एका जुन्या सिनेमात पाहिले होते म्हणून मी खोलीच्या उंबऱ्यावर नव्या तांदळाचे पीठ भुरभुरून मुरबाडला गेलो. दिवसकार्याला पिठावर पावलाची खूण बघण्याची रीत आमच्यात आबांनी बंद केली, आणि मी ती चोरासाठी चालू केली. परत आलो तर पिठावर सतीशच्या कोंबड्यांची पावले होती. पुरावा म्हणून ती उपयोगाची नाहीत, पण कोंबड्यासुद्धा बांध ओलांडून येतात याची नोंद घ्यावी.

त्यानंतरच्या मंगळवारी मला मुरबाडहून परतायला जीप लवकर मिळाली. मंगळवारी रूपेशला सुट्टी असते. किन्हवली-सरळगाववरून त्याची मोटारसायकल आलेली होती आणि खोलीचे दार आतून लोटलेले. मी ढकलले. हा टीव्हीच्या अगदी जवळ स्टूल ओढून बसला होता. मला बघताच त्याने टीव्ही बंद केला.

“काय बघत होतास रे?”

“काय नाय बाबा. मशीन चालते का बघत होतो.”

मी व्हीसीआरवर हात ठेवला. चांगला तापला होता. मशीन चालते का बघायला एवढा वेळ लागत नाही. त्याच बैठकीत तो म्हणाला, “ही रूम किती दिवस ठेवनार? छप्पर गळतंय. धाबेवाला भाड्यानं घ्यायला तयार हाय. तुमी आमच्याकडं चला.” म्हणजे खोली धाब्याला, टेप सुरजला आणि मी शहापूरला. माझ्या डोक्यात सगळे जुळले.

शिवाय हेही लिहितो. आईच्या जलदानविधीला हा पोरगा रडला नाही. संघरत्ना रडली, शेजारीपाजारी रडले. हा मंडपवाल्याशी खुर्च्या कमी आल्या म्हणून हुज्जत घालत होता. मी ते विसरलेलो नाही.

सबब मुलगा रूपेश सोमा रोकडे याला माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. व्हिडिओ सेंटरची खोली आणि सर्व टेपा गावच्या वाचनालयाला द्याव्यात. ‘हंड्यातला आवाज’ माझ्याबरोबर जाळावी.

कलम ९. कलम ८ मधला शेवटचा परिच्छेद मी माझ्या हाताने रद्द करीत आहे. खाडाखोड केलेली नाही, कारण वकील म्हणाले खाडाखोड दिसली की भांडणे होतात. रद्द का, ते लिहितो.

कलम ८ लिहून झाल्यावर मला वाटले, टेप नेमकी कुठे थांबवली आहे ते कागदावर यावे, पुरावा पक्का व्हावा. मी कमळूला बोलावले. कमळू बारकू पारधी, राहणार वरची वाडी, व्हिडिओच्या सगळ्या फेऱ्यांना माझ्याबरोबर होता. आम्ही हेड पुसले आणि टेप मागे न घेता, होती तिथूनच लावली. पडद्यावर पांढऱ्या रेघा, चित्र थरथरणारे. मी म्हणालो, मशीन गेले. दुसरी टेप लावली, स्वच्छ. पुन्हा ही लावून थोडी मागे घेतली, स्वच्छ. थोडी पुढे नेली, तीही स्वच्छ. तेवढ्या एका जागीच रेघा.

मला कळले होते. पण ते तोंडाने म्हणाला कमळू. “सोमादा, टेप तितंच घासलीय. कोनीतरी पॉज दाबून बसतंय. लय दिस बसतंय.”

“चोर असंल,” मी म्हणालो.

“चोर आख्खा सिनेमा नेईल. एका जागेवर कशाला बसून ऱ्हाईल?”

आणि त्याने पॉज दाबला. मी त्याला अडवले नाही. रेघांच्या मागे सकु होती. डोक्यावर हंडा, मान वर.

मी ते चित्र जन्मात थांबवून पाहिलेले नव्हते. चालत्या सिनेमात ती जागा डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून जाते आणि माणसाला वाटते ती आपल्याकडेच बघते. थांबवल्यावर दिसले की ती कॅमेऱ्याकडे बघतच नाही. कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघते आहे, आणि जरा खाली. गोरा गॉगलवाला कॅमेऱ्याला डोळा लावून होता. बाजूला मी होतो, रॉकेलचा डबा खाली ठेवून. पण मी उंच माणूस, माझ्या तोंडाकडे बघायला तिला खाली बघावे लागले नसते. ती माझ्या कमरेपाशी बघत होती. माझ्या कडेवर रूपेश होता.

तेव्हा मला आठवले. घरी तो कोणाजवळ राहीना म्हणून मी त्याला घेऊन आलो होतो. रांगेत एवढ्या बायका एकसारख्या चालत होत्या, आणि याने बरोबर आपली ओळखली आणि हाक मारली. त्या हाकेला तिने मान वर केली. सिनेमात ती हाक ऐकू येत नाही, कारण सगळा आवाज नंतर मुंबईत भरला. त्या जागी त्यांनी हंड्यातल्या बाईचा आवाज घातला आहे.

मी खाली बसलो आणि रडलो. कमळूने टेप चालू केली आणि म्हणाला, “जास्ती थांबवू नको आता. तोंड राह्यलं नाय तिचं.”

कलम १०. पुढच्या मंगळवारी रूपेश आला. त्याला टेपेबद्दल मी काही विचारले नाही. भात केला होता, सुक्या बोंबलाचे कालवण होते. मी दारातून हाक मारली, “रूपेश, जेवायला ये.” तो आला आणि खाली मान घालून जेवू लागला. मग ताटातून वर न बघता त्याने विचारले, “बाबा, आई कुनाकडं बघत होती?”

मी म्हणालो, “भात घे.”

मला सांगायचे होते. तोंडाने सांगायला गेलो असतो तर माझ्या डोळ्यांत पाणी आले असते, आणि मला रडताना बघायची या पोराला सवय नाही. त्याला रडताना बघायची मलाही नाही. म्हणून कायदेशीर भाषेत सांगतो, की त्याच्या प्रश्नाचे उत्तर “तुझ्याकडे” असे आहे, आणि ते माझ्या सर्व वारसांवर बंधनकारक राहील.

सबब व्हिडिओ सेंटरची खोली, कपाट, ट्रंका, दोन्ही व्हीसीआर आणि ‘हंड्यातला आवाज’ ही टेप मी मुलगा रूपेश याला देत आहे. धाबेवाल्याबाबतचा माझा संशय कायम आहे. छप्पर मात्र खरेच गळते, ते त्याने आधी करावे. बाकीच्या टेपा लोकांना दाखवाव्यात, नुसत्या ठेवू नयेत. कोणी विचारले की कुठल्या आधी बघू, तर ज्यांना बुरशी लागायला आली आहे त्या आधी, असे सांगावे.

माझ्या पुण्यानुमोदनाला, वंदना झाल्यावर, मंडपात हा सिनेमा एकदा लावावा. खुर्च्या कमी आल्यास कोणी हुज्जत घालू नये. पॉजच्या बटणावर चिकटपट्टी लावावी. रूपेशची खुर्ची टीव्हीसमोर मधोमध न ठेवता जरा डावीकडे ठेवावी आणि बुटकी ठेवावी. तो तिथे बसला म्हणजे सकु वर बघेल तेव्हा कोणाकडे बघते हे सगळ्यांना कळेल. मग तिला हंडा घेऊन पुढे जाऊ द्यावे.

कलम ११. कमळूला या मृत्युपत्रान्वये काही दिलेले नाही. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकिलांनी बजावले आहे. त्याला द्यायचे ते, म्हणजे व्हिडिओच्या फेऱ्यांतला कर्णा आणि बॅटरी, मी आधीच त्याच्या घरी पोचते केले आहे. सतीशने ते शोधू नये.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलगी संघरत्ना हिने करावी. वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या देखत खाली सही केली.

ठिकाण : टोकावडे
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

(सही) सोमा नवशा रोकडे

साक्षीदार १ :
(सही) रविना शाम भोईर, शिवणकाम, राहणार टोकावडे. सोमाकाकांनी माझ्यासमोर सही केली. दार बंद आहे ना, हे त्यांनी दोनदा बघितले.

साक्षीदार २ :
(डाव्या हाताचा अंगठा) कमळू बारकू पारधी, राहणार वरची वाडी.
कमळूकाका सांगतात ते त्यांच्या शब्दांत मी, रविना, लिहिते : “सगलं आयकलं. बरोबर हाय. पन त्यासाठी सोमादानं मरायची वाट कशाला बघायची? मी रूपेशला फोन लावलाय. मंगळवारी येतोय. बुटकी खुर्ची माझ्या घरची आनतो.”